वारा अडवते, पाणी धरते ती अडगळ: कोकणातल्या घरासाठी फेंगशुई

फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. हे नाव ज्या चिनी ग्रंथाशी जोडलं जातं तो ‘झांगशू’ ग्वो पू (२७६–३२४) यांच्या नावावर सांगितला जातो, आणि त्याचा विषय घर नाही, थडग्याची जागा आहे. मूळ विचार असा की ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, वाऱ्यावर विखुरते आणि पाण्यापाशी थांबते. घरातल्या अडगळीवर एवढा भर देण्याची पद्धत मात्र बरीच अलीकडची, विसाव्या शतकाच्या अखेरीला पाश्चात्त्य देशांत रुजलेली. त्यामुळे ‘अमक्या कोपऱ्यात पसारा असेल तर तमकं नुकसान’ अशी कोष्टकं प्राचीन समजून धास्ती घ्यायचं कारण नाही. वारा आणि पाणी ही जोडी मात्र घट्ट धरावी. कोकणात घर टिकतं ते या दोघांमुळे आणि खचतं तेही यांच्यामुळेच.

म्हणून इथल्या घरासाठी अडगळीची व्याख्या सरळ ठेवावी: जी वस्तू वारा अडवते किंवा ओल धरून ठेवते आणि वर्षभरात एकदाही हातात येत नाही, ती अडगळ. आमसुलं, कुळीथ, सुकी मासळी, पडवीत रचलेली लाकडं, नारळाची सोडणं आणि करवंट्या ही अडगळ नव्हे. ती पावसाळ्याची बेगमी आहे, आणि मृगापासून दसऱ्यापर्यंत ती संपत जाते. जे येतं आणि संपतं त्याला फेंगशुई ‘वाहतं’ म्हणते. मागच्या सालची आमसुलं तळाला उरली असतील तर यंदा तेवढी कमी करावीत, इतकंच. सुक्या मासळीवर गुलाबी डाग किंवा बुरशी दिसली तर उन्हात घालून वाचवायला बघू नये, टाकून द्यावी.

चिनी नववर्षाच्या आधी, बाराव्या महिन्याच्या अखेरीस, घर कानाकोपऱ्यातून झाडून काढतात आणि वर्षाच्या पहिल्या दिवशी झाडूला हात लावत नाहीत; आलेलं भाग्य झाडलं जाईल अशी समजूत. आपल्याकडे दिवेलागणीला केर काढत नाहीत आणि लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करतात, त्याच्याशी हे किती जवळचं आहे! कोकणात मात्र घर उपसायचं ते गणपतीच्या तोंडावर, आणि तिथेच वेळ चुकते. श्रावणात हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते. त्या दिवसांत गाद्या, कपडे, पुस्तकं बाहेर काढून पुन्हा आत भरली की त्यांच्याबरोबर ओलही आत भरली जाते आणि दिवाळीपर्यंत पेटीत बुरशी तयार. गणपतीआधी जळमटं काढावीत, लाद्या पुसाव्यात, भांडी घासावीत. उपसायचं काम मे महिन्यात, मृगाच्या तीन आठवडे आधी करावं, नाहीतर दसरा-दिवाळीच्या मधल्या कोरड्या उन्हात.

एका दिवशी एकच खोली. सकाळी दहाला सुरुवात, चारला सामान पुन्हा आत. खळ्यात ताडपत्री पसरून खोली पूर्ण रिकामी करावी. अर्धी रिकामी केली की तोच पसारा या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकतो. गाद्या, रजया, लोखंडी पेट्या कडक उन्हात तीन-चार तास ठेवाव्यात. पुस्तकं, पॉलिश केलेलं लाकूड आणि फोटो सावलीत, वाऱ्यावर. उन्हात पुठ्ठे वाकतात आणि पॉलिश तडकतं. सामानाचे पाच ढीग होतात: ठेवायचं, दुरुस्तीला द्यायचं, कुणाला तरी द्यायचं, भंगार, आणि ‘ठरत नाही’. दुरुस्तीच्या ढिगाला पंधरा दिवसांची मुदत. फेंगशुईत बंद पडलेलं घड्याळ, गळका नळ, मोडकी खुर्ची यांना फार महत्त्व आहे, आणि ते बरोबर वाटतं, कारण मोडकी वस्तू एक जागा अडवते आणि तिच्या आडोशाने आणखी चार मोडक्या जमतात. ‘ठरत नाही’ची पेटी साऱ्या घरात एकच असावी. तिच्यावर तारीख लिहून ती बंद करावी. पुढच्या मे महिन्यापर्यंत उघडावीशी वाटली नाही तर आतल्या वस्तूंचा निर्णय आपोआप झाला. सगळ्यांत जास्त फसगत होते ती उत्साहाच्या भरात चार खोल्या एकदम काढल्या की: तीन वाजता ढग दिसतात, आणि सगळं सामान चढतं माळ्यावर.

दारापासून सुरुवात

मुख्य दाराला फेंगशुईत ‘ची’चं तोंड म्हणतात. दार पूर्ण नव्वद अंशांत उघडलं पाहिजे. दारामागच्या खुंट्यांवरच्या पिशव्या, जुनी कॅलेंडरं, मोडक्या छत्र्या, टेकून ठेवलेल्या काठ्या आधी निघाव्यात. चपला माणशी दोन जोड दाराशी, बाकीच्या फळ्यांत फटी असलेल्या रॅकवर. बंद कपाटात ठेवलेल्या चामडी चपलांना जुलैमध्ये आठ दिवसांत पांढरी बुरशी येते. ओल्या छत्र्या आणि रेनकोट पडवीतच, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. चौकटीचे तळ मोकळे झाले की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघावं. पोकळ आवाज आला किंवा मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली तर वाळवी आहे. दाराशी रचलेल्या सामानाचं खरं नुकसान हेच, की त्याच्या आड वाळवी दोन-दोन वर्षं दिसत नाही.

आता एक वादाचा मुद्दा. आपल्या जुन्या घरांत ओटीवरून बघितलं तर माजघरातून थेट मागचं दार आणि परसातल्या केळी दिसतात. पुढचं-मागचं दार एका रेषेत असेल तर ‘ची’ थांबतच नाही, असं फेंगशुई सांगते, आणि तो सल्ला ऐकून बरेच जण मध्ये कपाट किंवा पार्टिशन उभं करतात. आमच्या मते हे टाळावं. ही रेषा म्हणजे खाडीवरून येणारा वारा घरातून आरपार जाण्याची वाट आहे. दमट हवेत भिंती सुकतात त्या तिच्यामुळे. वारा नुसता मंद करायचा असेल तर पातळ सुती पडदा किंवा एका बाजूला झोपाळा पुरतो. वाट निदान अडीच ते तीन फूट मोकळी असावी, म्हणजे पाण्याचा हंडा घेऊन माणूस न अडखळता जाईल.

दुसरी अशीच अडचण नैर्ऋत्येची. वास्तुशास्त्र सांगतं, जड सामान नैर्ऋत्येला ठेवा. फेंगशुईत ती दिशा पृथ्वीतत्त्वाची आणि नात्यांची. पण आपल्याकडे पावसाची झोड नैर्ऋत्येकडूनच येते आणि जांभा दगड सच्छिद्र, पाणी पिणारा. म्हणजे घरातली सर्वांत ओली भिंत आणि सर्वांत जड कपाट नेमकी एकत्र येतात. दिशा सांभाळायची असेल तर सांभाळावी, पण कपाट भिंतीपासून चार इंच पुढे, खाली कडाप्प्याचे तुकडे घालून जमिनीपासून चार इंच वर, आणि प्लायवुडचं नको. भुसा दाबून केलेल्या पाट्यांचं तर नकोच. दोन पावसाळ्यांत त्या फुगून बिजागऱ्या सुटतात.

आणि या कपाटांबद्दल बोललंच पाहिजे, कारण कोकणातल्या अडगळीचा मोठा वाटा इथे तयार होत नाही. मुंबईत सोफा जुना झाला, फ्रिज बदलला, फोमची गादी दबली, की ‘गावच्या घराला चालेल’ म्हणून ती टेम्पोत चढते. घर दहा महिने बंद. गणपती आणि शिमग्याला चाकरमानी येतात तेव्हा सोफ्याच्या आत उंदरांचं घर असतं आणि गादीला कुबट वास. फोम ओल सोडत नाही, तो उन्हात घालूनही आतून सुकत नाही. बंद राहणाऱ्या घरात कापसाची गादी, लाकडी किंवा वेताची बैठक आणि लोखंडी खाट एवढंच असावं. गावाला वस्तू पाठवण्याआधी एक प्रश्न विचारावा: ही जून ते सप्टेंबर बंद खोलीत कशी राहील?

या घरांची मालकीही सामाईक असते, म्हणून कुणी काही टाकत नाही. सामाईक वस्तूंचे फोटो काढून, क्रमांक देऊन भावाबहिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावेत, महिन्याची मुदत द्यावी, आणि काकांना-आत्यांना फोन करून विचारावं. ग्रुपवरचं मौन म्हणजे होकार धरू नये. देवघरातलं आणि पूर्वजांचं काही हलवायचं असेल तर घरातल्या थोरांनी हलवावं. तडे गेलेल्या फोटोंची काच आणि चौकट वेगळी काढून मगच कागदाचं विसर्जन करावं, तेही विहिरीत नव्हे.

पलंगाखाली काही ठेवू नये हा फेंगशुईचा नियम कोकणात जसाच्या तसा घ्यावा. पेटीचा पलंग असेल तर त्यात फक्त कोरडं अंथरूण, आणि महिन्यातून एकदा झाकण दिवसभर उघडं. कपड्यांच्या पेटीत डांबरगोळ्यांऐवजी वेखंड, वाळलेला कडुनिंब, लवंगा बऱ्या. तान्ह्या बाळाचे कपडे तर डांबरगोळ्यांत ठेवूच नयेत. काही बाळांत जन्मतः एका एन्झाइमची कमतरता असते, आणि त्या वासाने, त्या कपड्यांनी त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

स्वयंपाकघराचं थोडक्यात. चूल किंवा शेगडी ही घराच्या भरभराटीची जागा मानतात. सर्व बर्नर चालू हवेत आणि आलटून पालटून वापरात हवेत. ज्योत पिवळी झाली की भोकं टाचणीने साफ करावीत. झाकण नसलेला डबा आणि डबा नसलेलं झाकण, दोन्ही बाहेर. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे डबे वर्षाला लोणचं, आगळ, मेतकूट किती होतं ते मोजून तेवढेच ठेवावेत. तांब्या-पितळेची भांडी मात्र घाईने मोडीत देऊ नयेत. आमसुलाच्या पाण्याने ती लखलखीत निघतात. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट पदार्थ ठेवायचा नाही एवढं पाळून, कल्हई करून, एक-दोन तरी रोजच्या वापरात आणावीत. ओली भांडी एकात एक बसवून ठेवली की हिरवा थर चढतो, म्हणून पालथी आणि सुटी.

माळा

डोक्यावरचं ओझं माणसाला दाबतं, म्हणून माळा रिकामा ठेवा, असं फेंगशुई सांगते. कोकणात यातलं निम्मंच घ्यावं. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि महाडमध्ये तळमजल्यावर जे होतं ते गेलं. नदीकाठच्या घरात वरची जागा हीच सुरक्षित जागा, आणि महत्त्वाची पेटी तिथेच असावी. जुन्या नक्षीची मंगलोरी कौलंही तीस-चाळीस तरी जपून ठेवावीत. जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते या वादळांनंतर कौलांसाठी धावाधाव झाली, आणि जुन्या साच्याचं कौल नव्याच्या खाचेत बसत नाही. माळ्यावरून काय काढायचं? ज्यात उंदीर घर करतो ते सगळं: रद्दी, पुठ्ठ्याचे खोके, गाद्या, कापडाची गाठोडी, पेंढा.

काम सुरू करण्यापूर्वी एक-दोन कौलं सरकवून किंवा झरोका उघडून अर्धा तास हवा खेळू द्यावी. उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत, धूळ थेट फुफ्फुसात जाते. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण शिंपडून पाच मिनिटं थांबावं, मग रबरी हातमोजे घालून कागदाने पुसून घ्यावं. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नये, विषारी वायू होतो. उंदराच्या मुतामुळे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, म्हणून पायाला भेग किंवा जखम असेल तर त्या दिवशी दुसऱ्याला चढवावं. उदमांजराची पिल्लं सापडली तर ती मोठी होऊन निघून जाईपर्यंत तो कोपरा सोडून द्यावा. सामान दोरीला बांधून खाली सोडावं. शिडीवरून हातात घेऊन उतरताना माणसं पडतात.

कागद

फेंगशुईची पुस्तकं कागद निर्दयपणे टाकायला सांगतात. इथे थांबा. कोकणातल्या जुन्या पेटीत जमिनीचा इतिहास असतो. १९४८ च्या कूळकायद्याखालचं कलम ३२-म चं खरेदी प्रमाणपत्र, १९४९ च्या कायद्याने खोती रद्द होण्याआधीच्या खोताच्या पावत्या, जुने फेरफार, वाटणीपत्रं, मोडीत लिहिलेली कसलीही चिठ्ठी: यातलं एकही पान वाचल्याशिवाय टाकू नये. आजचा सातबारा डिजिटल सहीसह पुन्हा मिळतो, त्यामुळे त्याच्या दहा-दहा झेरॉक्स ठेवायची गरज नाही. जुना फेरफार आणि मूळ प्रमाणपत्र मात्र जिवापाड जपायचं. मोडी वाचता येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावं. घरात ठेवायचेच नसतील तर १९१० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला विचारावं, रद्दीवाल्याला नव्हे.

जपायची पद्धत जुनीच चांगली: बासन. खळ काढलेलं, मऊ झालेलं सुती कापड घ्यावं, कारण खळीला कसर लागते. कागद उलगडून, टाचण्या काढून, सपाट ठेवावेत. लॅमिनेशन करू नये, सेलोटेप लावू नये. दोन्हींमुळे कागद पिवळा पडतो आणि पुन्हा सोडवता येत नाही. बासन स्टीलच्या पेटीत, सोबत पन्नास ग्रॅम सिलिका जेलची पुडी. ही पेटी डिसेंबर ते मे या दिवसांतच भरून बंद करावी. रंग बदलणारं सिलिका जेल घेतलं तर ते ओलावलं हे रंगावरून कळतं. पुडी फोडून दाणे ओव्हनमध्ये १२० अंशांवर तास-दीड तास तापवले की पुन्हा चालतात.

खळं आणि परसू

साचलेल्या पाण्याला फेंगशुईत मृत ‘ची’ म्हणतात. डेंग्यूचा डास अंड्यातून बाहेर पडून पंखाचा व्हायला आठ-दहा दिवस घेतो, म्हणजे टायर, करवंट्या, फुटकी कुंडी, माठ, ताडपत्रीची खोळ आठवड्यातून एकदा कोरडी केली की त्याची साखळी मध्येच तुटते. करवंट्या पालथ्या घालाव्यात किंवा पडवीत, सुक्यात.

मांगरामागची (घराजवळच्या खोपटामागची) लाकडं, पडलेल्या कौलांचा ढीग, गडग्याला टेकलेले पत्रे हलवताना घाई नको. फुरसं आणि लाल विंचू नेमके अशा ठिकाणी असतात. दिवसाउजेडी, गमबूट आणि जाड हातमोजे घालून, आधी लांब काठीने ढीग हलवून, वस्तूची पलीकडची कड आपल्या बाजूला उचलावी, म्हणजे मधली फट आपल्याकडे उघडत नाही. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे जगाला कळलं. दंशानंतर घाम, उलट्या, हातपाय गार पडणं अशी लक्षणं दिसली तर उतारा उतरवण्यात वेळ न घालवता सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. फुरशासाठीही तेच, तिथे प्रतिविष मिळतं. नवीन लाकडं रचताना जमिनीपासून वीतभर उंच, घराच्या भिंतीपासून हातभर लांब.

निघालेला कचरा पऱ्यात (ओढ्यात) किंवा खाडीत ढकलणं म्हणजे आपल्या घरातला अडथळा गावच्या पाण्यात नेऊन ठेवणं. पावसाच्या पहिल्या झोडीत तो खालच्या वाडीच्या मोरीत अडकतो. प्लास्टिक जाळूही नये. भंगारवाल्याला देताना लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, कागद वेगवेगळं बांधावं. एकत्र ढिगाला लोखंडाचा भाव मिळतो आणि पितळ फुकट जातं. जुनी लुगडी आणि सुती धोतरं गोधडीला, चांगली पुस्तकं गावच्या वाचनालयाला विचारून.

दिशांचा नकाशा, म्हणजे बाग्वा, शेवटी बघावा, आधी नाही. त्याच्या दोन पद्धती आहेत. होकायंत्राच्या पद्धतीत उत्तर पाण्याची, आग्नेय लाकडाची आणि संपत्तीची, दक्षिण अग्नीची. दुसरी पद्धत दारावरून मोजते: दारात उभं राहून आत बघितलं की सर्वांत लांबचा डावा कोपरा संपत्तीचा, उजवा नात्यांचा. दोन्ही एकत्र केल्या की गोंधळ होतो, आणि त्यात वास्तुशास्त्र मिसळलं की आणखी. तिथे पाणी ईशान्येला, अग्नी आग्नेयेला. अडगळ काढण्यापुरतं हे भांडण सोडून द्यावं, कारण पसारा ठेवायला यातली कुठलीच पद्धत एकही दिशा देत नाही. फोनवरच्या होकायंत्राने दिशा घ्यायची असेल तर लोखंडी जाळी आणि कपाटापासून दोन मीटर दूर उभं राहून तीनदा मोजावी. लोखंडाजवळ सुई फसते.

आणि रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात लगेच लाफिंग बुद्ध, तीन पायांचा बेडूक, स्फटिक आणून ठेवू नयेत. लोखंडी नळ्यांचं विंडचाइम खाऱ्या वाऱ्यात एका पावसाळ्यात गंजतं. ‘लकी बांबू’ हा बांबू नव्हे, ड्रसिना जातीचं आफ्रिकी झुडूप आहे. ठेवायचाच असेल तर त्याचं पाणी तीन-चार दिवसांनी बदलावं, काच आतून, पाण्याच्या रेषेपाशी, बोटाने चोळून धुवावी, कारण डासाची अंडी तिथे चिकटलेली असतात आणि नुसतं पाणी ओतून जात नाहीत.